बेटावर निघालेला उजवा बूट

मी एक जुना बूट आहे. उजवा. डावासुद्धा आहे, इथंच शेजारी पडलाय, पण त्याला बोलायचा भारी कंटाळा. म्हणून मित्रांनो, दोघांची गोष्ट मीच सांगतो. मध्येच 'जुना म्हणजे किती जुना?' असं विचारू नका. मला राग येतो.

आमचा जन्म एका कारखान्यात झाला. तिथं इतका गोंगाट होता, की आमचं पहिलं रडणं कोणाला ऐकूच गेलं नाही. एका मशीननं चामडं कापलं, दुसऱ्यानं दाबून तळ चिकटवला. शेवटी एका शिवणाऱ्या बाईनं आमच्या घोट्याजवळच्या काठाला आतून करड्या लोकरीची जाड पट्टी लावली. शिवून झाल्यावर तिनं त्या लोकरीवर हळूच गाल टेकवून पाहिला. एवढे बूट तिच्या हाताखालून गेले, पण गाल फक्त माझ्यावर टेकवला. डाव्यावरही नाही. तेव्हापासून मी जरा ताठच आहे.

दुकानातून आम्हाला ताईनं घरी नेलं. ताई पाण्याचे मीटर वाचायची. म्हणजे काय, तर प्रत्येक घराच्या फाटकाशी जमिनीत एक खड्डा असतो, त्यावर लोखंडी झाकण. झाकण उचलायचं, गुडघ्यावर बसायचं, जळमटं बाजूला सारायची, आकडा टिपायचा आणि पुढच्या घरी. दिवसभर हेच. कुत्र्यांबद्दल तर मी बोलतच नाही. डाव्याच्या टाचेवर अजून दाताची खूण आहे आणि ती दाखवायची असली की मात्र त्याला अजिबात कंटाळा येत नाही.

एकदा एका खड्ड्यातून विंचू निघाला. त्या दिवसापासून ताईला सवय लागली. बूट घालायच्या आधी तो उलटा करायचा आणि जमिनीवर आपटायचा. ठक, ठक. रोज. आधी मला हा अपमान वाटायचा. मी काय चोर आहे, झडती घ्यायला? पण ही सवय पुढे केवढी कामाला आली, ते ऐकालच.

ऑफिसात बाकीच्यांचे बूट वर्षभरात तोंड वासायचे. आम्ही टिकलो. साहेब म्हणायचे, "ताई, यंदा तुम्हाला नाही, तुमच्या बुटांना बढती देऊ."

"द्या की," ताई म्हणायची, "बढती मिळाली की पॉलिशचा खर्च तेच करतील."

त्या ऑफिसच्या भिंतीवर एक कॅलेंडर होतं. एका पानावर पक्षी होता. पांढराशुभ्र, मोठ्या काळ्या डोळ्यांचा. घरटं नाही, काडी नाही, नुसत्या वाळूवर अंडं ठेवून वर मजेत बसलेला. ताईनं ते पान कोणाला उलटूच दिलं नाही. महिना संपला, वर्ष संपलं, पक्षी तिथंच. तारीख बघायला आलेली माणसं वैतागायची. ताई म्हणायची, "तारीख मला विचारा. त्याला उठवू नका."

मग नवे मीटर आले. ते आपले आकडे घरबसल्या ऑफिसला कळवतात. ताई निवृत्त झाली, जाताना कॅलेंडर घेऊन आली, आणि आम्ही गेलो जिन्याखाली. एक मोडकी छत्री, एक पंक्चर झालेला फुटबॉल आणि आम्ही. डाव्याच्या पोटात पालीनं अंडी घातली. पिल्लं निघून गेली, पण हा अजून आजोबांसारखा वागतो.

एके दिवशी ताईची धाकटी बहीण ओरडतच घरात शिरली. तिचं केस कापायचं दुकान आहे, त्यामुळे तिचा आवाज ड्रायरच्या वरच असतो.

"ताई, तुझा पक्षी सापडला!"

"हरवला होता का?"

"ऐक तरी! एक छोटं जहाज आहे. लांबच्या बेटांवर जातं, जिथं माणसंच राहत नाहीत. रबरी होडीतून किनाऱ्यावर उतरवतात. आणि तिथं हा, हाच, असा ढिगानं बसलेला असतो. मी दोघींची नावं घातली."

"मला न विचारता?"

"विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस."

ताईनं भिंतीवरच्या पक्ष्याकडे बघितलं. मग म्हणाली, "अहो, ऐकलंत का?"

हे 'अहो' म्हणजे ताईचे यजमान. धाकटी त्यांना भाऊजी म्हणते, म्हणून मीही म्हणतो. भाऊजींना बादलीतलं पाणी हललं तरी मळमळतं. ते म्हणाले, "तुम्ही दोघी जा. मी इथून मदत करतो." मदत केल्याशिवाय त्यांना चैनच पडत नाही. लक्षात ठेवा हे.

ताईनं नवे बूट आणले. ते घालून ती जरा फिरून आली, तर दोन्ही टाचा सोललेल्या. मला फार आनंद झाला, खोटं कशाला बोलू? धाकटीचे बूट तर ताईच्या अंगठ्यालासुद्धा पुरत नाहीत. तेव्हा जिन्याखालचा दिवा लागला आणि ताईचा हात आत आला. छत्री रडली. आम्ही निघालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी जहाजाच्या ऑफिसातल्या बाईचा फोन आला. धाकटीनं तो स्पीकरवर टाकला.

"बुटांना माती नको, बी नको, कुसळ नको. धक्क्यावर तपासणी होईल. बूट नापास झाले तर जहाजावर बसून राहायचं, बेटावर पाय ठेवता येणार नाही."

"एवढं कडक?" धाकटी म्हणाली.

"तो पांढरा पक्षी उघड्या वाळूवर अंडं घालतो ना? एका बेटावर कोणाच्या तरी बुटातून गवत गेलं. आता तिथं वाळूच उरली नाही. पक्षी येतात, वरून फिरतात आणि बसायला जागा नाही म्हणून परत जातात."

मग ताई उठली आणि बादली घेऊन आली.

मित्रांनो, आता माझं डोकं फिरलं. माझ्या तळाच्या खाचांमध्ये जी माती होती, ती घाण नव्हती. ती माझी कमाई होती! टेकडीवरची लाल, नाल्याकाठची काळी, गिरणीमागची पिठूळ. धाकटी केसांच्या पिनेनं ती खरवडत होती आणि मी आतल्या आत धुमसत होतो. पण ताई एकेक ढेकूळ हातात घ्यायची आणि म्हणायची, "ही बघ, त्या चढावरच्या गल्लीतली. हिच्यात मी घसरून पडले होते." सगळी ओळखली तिनं. मग पाण्यात सोडली. माती गेली, पण ताईला ती आठवत होती. माझा राग जरा उतरला. जराच.

तासाभरात आम्ही असे स्वच्छ झालो, जसे जन्मलो तेव्हाही नव्हतो. दोघी बॅग भरायला आत गेल्या. आणि भाऊजी बाहेर आले.

"अरेरे, ओले आहेत," ते म्हणाले. आम्हाला उचललं, मागच्या अंगणात नेलं आणि मस्त उन्हात, वाऱ्याला, आडवं ठेवलं. कुठं? गवतावर! पिकलेल्या, कुसळांनी भरलेल्या गवतावर!

मी किंचाळत होतो. वारा आला की कुसळं डोलायची आणि माझ्या लाडक्या लोकरीत घुसून बसायची. एक, मग दुसरं, मग त्यांची भावंडं. भाऊजी लांबून बघून खूश. संध्याकाळी त्यांनी आम्हाला पुसून, पिशवीत घालून, वर गाठ मारून ठेवलं.

निघायच्या दिवशी धक्क्यावर ही गर्दी. भाऊजी सोडायला आले होते आणि समुद्राकडे पाठ करून उभे होते. तपासणीच्या बाईनं आमचे तळ पाहिले, नाड्या पाहिल्या, आत हात फिरवला. कुसळं खोल गेली होती, करड्या लोकरीत करडी. तिच्या हाताला लागली नाहीत. "काय सुंदर ठेवलेत!" ती म्हणाली आणि नाडीला हिरवी पट्टी बांधली. पास!

ताई बाकावर बसली. मला उचललं, उलटं केलं. ठक, ठक.

एक कुसळ खाली पडलं.

ते फक्त दोघींनी पाहिलं. धाकटीनं पटकन त्यावर पाय ठेवला. "काही नाही ते. चल, चढायला लागले सगळे."

"पाय काढ."

"ताई, पट्टी बांधलीय! आता सांगितलंस तर तुला उतरू देणार नाहीत. आयुष्यभर त्या कॅलेंडरकडे बघत बसलीस ना?"

"म्हणूनच म्हणते, पाय काढ. मी तिथं जाऊन त्याचीच जागा घालवू?"

धाकटीचे डोळे भरले, पण पाय निघाला. ताईनं तपासणीच्या बाईला हाक मारली. बाईनं या वेळी लोकर बोटांनी विंचरली आणि तिचा चेहरा पडला. "अहो, हे भरलंय. हे बूट मी सोडू शकत नाही."

"धुतल्यावर कुठं ठेवले होते?" धाकटी गरजली.

भाऊजी समुद्राकडे वळले. घाबरलेला माणूस कुठंही वळतो. "ऊन फार छान होतं हो..."

"भाऊजी!"

मग धाकटीनं नाक पुसलं, बॅग उघडली आणि बारीक दातांची फणी काढली. "बाई, मला थोडा वेळ द्या. शाळेच्या पोरींच्या डोक्यातल्या उवा काढते मी. हे काय विशेष?" मला मांडीवर घेऊन ती विंचरू लागली, बाईनं धरलेल्या झाकणाच्या डब्यात कुसळं पडू लागली. डावाही झाला. तरी मुळाशी काही रुतलेली राहिलीच. धाकटीनं ताईकडे पाहिलं. ताईनं मानेनंच हो म्हटलं. धाकटीनं कात्री काढली.

मला त्या शिवणाऱ्या बाईचा गाल आठवला. करकर करकर, माझी लोकर डब्यात गेली. झाकण लागलं. बाईनं काठ भिंगाखाली फिरवून पाहिला, पुन्हा पाहिला, आणि हिरवी पट्टी परत बांधली. "टकला झालाय," ती म्हणाली, "पण पास!"

ताईनं दोन जोड जाड मोजे घातले. भाऊजींनी डोळे मिटून टाटा केला.

बेटावर पहिलं पाऊल माझं पडलं. डावा अजून मानत नाही. वाळू गरम होती, मोकळी होती, आणि ताई पक्ष्यांभोवती बांधलेल्या दोरीच्या अलीकडे गुडघ्यावर बसली, मीटर वाचायला बसायची तशी. तो कॅलेंडरवाला तिथंच होता. अंड्यावरून उठलासुद्धा नाही. त्याचा शेजारी मात्र दुडकत आला, माझ्या नाडीला चोच मारली, 'हे कुठलं ध्यान' अशी नजर टाकली आणि गेला. ताई हसत होती आणि रडतही होती. धाकटी फोटो काढायचा विसरली.

परत होडीत चढताना ताईनं आम्हाला किनाऱ्यावरच झटकलं. तिथली वाळूही तिथंच राहिली.

तर मित्रांनो, घरी गेल्यावर आम्हाला पुन्हा जिन्याखाली ठेवलं तरी चालेल. पाल आली तरी चालेल, डावा वाटच बघतोय. पण बूट धुतले तर दोरीवर वाळत घाला. भाऊजींच्या हातात देऊ नका. आणि कोणाच्याही घरी जायच्या आधी, मग ते घर नुसत्या वाळूचं का असेना, एकदा बूट उलटे करून आपटा.

ठक, ठक.