सेकेसाईचा लाल ब्लाउज

मी एक जुना लाल ब्लाउज आहे. पांढऱ्या कॉलरचा, लांब बाह्यांचा, पुढे पाच बटणांचा. मित्रांनो, जुन्या वस्तू आपली कहाणी गोड आवाजात सांगतात असं तुम्हाला वाटत असेल, तर माझ्याकडून ती अपेक्षा ठेवू नका. मी या क्षणी एका मेलेल्या बाईच्या अंगावर आहे. ती बाई मला मुळीच आवडत नाही, आणि शवपेटीचं झाकण लागायच्या आत मला सगळं सांगून मोकळं व्हायचं आहे.

हरारेहून बसच्या टपावर लादून आलेल्या ताग्यातून माझं कापड फाडलं. मुरेहवा गावच्या बाजारात दुकानाच्या ओट्यावर बसणाऱ्या शिंप्याने मला शिवलं. सेकेसाई त्याच्या डोक्याशी उभी होती. "बाबा, खांद्यात घट्ट करू नकोस हं. उपदेश करताना माझे हात वर जातात." शिंपी हसून म्हणाला, "माई चेंगेताई, तुमचे हात गप्प असतात कधी?" चेंगेताई ही तिची एकुलती एक मुलगी. आमच्याकडे बाईला तिच्या लेकराच्या नावाने हाक मारतात.

आमच्या चर्चच्या महिला संघाचा लाल ब्लाउज कुणी आणला आणि घातला असं होत नाही. वर्षभर गुरुवारच्या प्रार्थनेला यायचं, आजाऱ्यांची सेवा करायची, मग एका रविवारी साऱ्या मंडळीसमोर महिला संघाच्या प्रमुख बाईने तो अंगावर चढवायचा. मरेपर्यंत विश्वासात राहीन, असं वचन द्यायचं. मेल्यावर त्याच ब्लाउजात पुरतात. त्यामुळे आम्हा लाल ब्लाउजांना आपली जागा पहिल्या दिवसापासून ठाऊक असते. माझी जागा सेकेसाईबरोबर होती. मला दुसरं काही नको होतं.

त्या रविवारी माझी बटणं लावली ती माई गारिकाईने. संघाची प्रमुख. बोटं जाडजूड, आवाज पत्र्यावर खडे पडावेत तसा.

सुरुवातीची वर्षं काय सांगू! सेकेसाई गायला लागली की ढोलवाल्यांची दमछाक व्हायची. कोळशाच्या इस्त्रीने ती मला असं कडक करायची की बाया म्हणत, "बाई गं, हिच्या कॉलरवर भाकरी थापावी!" मी फुगून जायचो. खोटं कशाला बोलू?

मग चेंगेताईला ताप भरला. एकोणीस वर्षांची पोर. इस्पितळात डॉक्टरांनी केलं ते केलं, आणि आम्ही लाल ब्लाउज खाटेभोवती नऊ दिवस प्रार्थना करत राहिलो. दहाव्या दिवशी सकाळी ती गेली.

तिसऱ्या गुरुवारी सेकेसाई सभेत उभी राहिली. मला वाटलं, गाणं सुरू करेल. ती म्हणाली, "बायांनो, माझा आता विश्वास उरलेला नाही. आत शोधते, सापडत नाही. इथे बसून खोटं कसं गाऊ?"

माई गारिकाई ताडकन उठली. "विश्वास म्हणजे घागरीचा दोर! सोडलास की घागर तळाला!"

"मी सोडला नाही, माई. हातात बघते तर नाहीच."

"एकच झालं ते."

"एकच कसं? देवाने मला धरलं होतं ना? की मी धरलं तरच तो धरतो?"

माई गारिकाई म्हणाली, "शेवटपर्यंत टिकेल तिलाच देव तारतो. मध्येच बसमधून उतरलीस, तर गाव काय तुझ्याकडे चालत येणार? काढ तो ब्लाउज."

सेकेसाईचे हात हलेनात. तेव्हा माई गारिकाईनेच पुढे होऊन माझी बटणं काढली. एक, दोन, तीन, चार, पाच. चाळीस बायांसमोर. सेकेसाई आतल्या परकरपोलक्यात उभी होती आणि एकीनेही अंगावरची शाल काढून तिला दिली नाही. तो राग माझ्या शिवणीशिवणीत आहे.

मला संघाच्या पत्र्याच्या पेटीत टाकलं. नऊ वर्षं डांबराच्या गोळ्या आणि झुरळं. दर वर्षी सेकेसाई सभेच्या खोलीच्या दारात यायची. "मेल्यावर तरी मला माझा ब्लाउज द्याल ना?" आणि प्रमुख होती तोवर माई गारिकाई म्हणायची, "विश्वास आहे म्हण आणि आत्ता घेऊन जा." दोन शब्दांचं काम होतं. पण ती खोटं बोलली नाही. बाहेर लाल घालून मिरवणाऱ्या कितीजणी नवऱ्याला चोरून मांत्रिकाकडे जायच्या, ते मी त्याच पेटीतून ऐकलं आहे.

पुढे माई गारिकाईचं डोकं गेलं, तेही पेटीतच माझ्या कानावर आलं. आधी गाणी विसरली, मग माणसं. घरी प्रार्थनेला आलेल्या पाद्रीबाबांवर ती काठी घेऊन धावली. "कोण येशू? त्यानेच माझ्या कोंबड्या चोरल्या! त्याचं नाव काढू नका माझ्या घरात!" एके दिवशी तिने स्वतःचा लाल ब्लाउज चुलीत घातला. दोन वर्षं देवाला शिव्या देत देत ती परवा मेली.

आज सकाळी पेटी उघडली. नवी प्रमुख माई मुचानेता मला बाहेर काढून झटकू लागली. मला वाटलं, सेकेसाई गेली की काय! पण मला नेलं ते माई गारिकाईच्या स्वयंपाकघरात. तिथे आमच्या रीतीप्रमाणे मधोमध तिचं प्रेत ठेवलेलं, आणि सुनांची थट्टा रंगात आलेली. मेलेल्याची नक्कल करायचा आमच्या सुनांना हक्कच असतो. तिची सून शुवाई सासूची काठी टेकत एकेकीच्या गळ्याला हात घालत होती. "मध्येच उतरलीस ना? काढ! काढ ब्लाउज!" बाया डोळे पुसता पुसता हसत होत्या.

सेकेसाई भिंतीशी बसली होती. ती हसत नव्हती. मला पाहून म्हणाली, "तो माझा आहे."

माई मुचानेता म्हणाली, "माई, आत्ता नको. गाडी उभी आहे. हिचा तर जळला."

"हिने येशूला कोंबडीचोर म्हटलं. हिला लाल कसा काय?"

"अगं, आजारी होती बिचारी! तिने सोडलं म्हणून देव थोडाच सोडतो तिला?"

"मग माझी पोर मेली तेव्हा मी काय धडधाकट होते?"

शुवाईने काठी खाली ठेवली. बाहेर कोणीतरी गाडीचा भोंगा वाजवला.

"सांग ना," सेकेसाई म्हणाली. "मी मेले की मला लाल घालशील?"

माई मुचानेताने घड्याळात पाहिलं. "ते आपण गुरुवारी बोलू," असं म्हणून तिने कात्री मागितली. प्रेत फुगलं होतं. मी बसेना. तिने मला पाठीत वरपासून खालपर्यंत कापलं आणि दोन्ही बाजूंनी कोंबलं. सेकेसाईच्या मापाचे खांदे माई गारिकाईच्या खांद्यांवर ताणून बसवले.

आता मी इथे आहे. मित्रांनो, माझी एकच विनंती आहे, आणि ती मी हात जोडून नाही, दात ओठ खाऊन करतो. कुणाला काही द्याल, तर "तू घट्ट धरलंस तरच तुझं" अशी अट घालू नका. आणि घालायचीच असेल, तर आवडतीला आणि नावडतीला सारखीच घाला.

शेवटचं दर्शन घ्यायला रांग लागली आहे. सेकेसाईची पाळी आली. तिने माई गारिकाईच्या तोंडाकडे पाहिलंच नाही. माझ्या कॉलरवरून एकदा अंगठा फिरवला आणि हळूच मला म्हणाली, "जा. तुला तरी आत घेतील."