उरलेले तीन टक्के

लॅपटॉप अडखळायला लागला तेव्हा तिने नणंदेला बोलावलं. नणंद संगणक दुरुस्त करायची, आणि बोलण्यात कुणाला हार जायची नाही. जेवणाच्या टेबलावरचा पसारा कोपराने सारून तिने लॅपटॉप उघडला.

"वहिनी, डिस्कचं आयुष्य उरलंय तीन टक्के. साऱ्या जगाची कुंडली लिहितेस की काय यावर?"

"पुस्तकाची शब्दसूची करतेय, ताई. शरीरशास्त्राच्या. शनिवारी द्यायचीय."

"सूचीने एवढी झिजत नाही डिस्क."

चोर सापडायला वेळ लागला नाही. दुसऱ्या महिन्यात दूध नाकात जाऊन लेक क्षणभर निळी पडली होती. तेव्हापासून पाळण्यावरचा कॅमेरा अहोरात्र चित्रण लॅपटॉपवर साठवत होता, तेही सर्वांत स्पष्ट दर्जाचं. त्याला आता तीन महिने झाले होते.

"पण मी रोज संध्याकाळी सगळं पुसून टाकते," ती म्हणाली. "डिस्कला भार नको म्हणून."

"अगं, एकाच कागदावर रोज लिहून रोज खोडलं, तर कागद टिकेल का? जागा मोकळी होते, झीज भरून येत नाही. इमानेइतबारे घासलीस तू तिला!"

नवी डिस्क सोमवारी मिळणार होती. केलेलं काम पेन ड्राइव्हवर राहिलं असतं, पण सूचीचं सॉफ्टवेअर याच लॅपटॉपवर होतं. तो मधेच बसला तर काम दुसऱ्या कुणाकडे जाणार. बाळंतपणानंतरचं हे पहिलंच काम.

नणंदेने सूचीचं दर मिनिटाला आपोआप साठवणं पंधरा मिनिटांवर नेलं. मग पडद्यावरच्या कॅमेऱ्याच्या खुणेवर बोट ठेवलं.

"हे बंद."

"निदान ती झोपलेली असताना तरी..."

"झोपण्याशिवाय ती करते काय? बघायचंच असेल तर पाळणा इथे आण."

पाळणा टेबलाशेजारी आला. पहिल्या दिवशी ती दर दहा मिनिटांनी उठली. 'फुप्फुस'पाशी दोनदा. दुसऱ्या दिवशी चहा निवेपर्यंत बसून राहिली. शुक्रवारी दुपारी 'श्वासनलिका'ची पानं तपासताना पाळण्यातून धपकन आवाज आला. लेक पालथी पडली होती. पहिल्यांदाच, आपणहून. एक हात अंगाखाली अडकलेला, मान वर, चेहऱ्यावर भलताच राग.

तिने हात सोडवला. लेकीने पुन्हा तसाच अडकवून घेतला.

'ज्ञानेंद्रिये' ही शेवटची नोंद शनिवारी सकाळी झाली. सूची गेली तेव्हा डिस्क दोन टक्क्यांवर होती.

सोमवारी नवी डिस्क बसवताना नणंदेने विचारलं, "कॅमेऱ्याचं परत टाकू का? नुसतं दिसेल असं, न साठवता?"

"टाक. स्वयंपाकघरातून बघायला बरं पडेल."

"आणि पालथी पडली ते? भाऊ म्हणत होता, दाखव म्हणून."

"ते नाही साठवलेलं," ती म्हणाली. "त्याला म्हणावं, संध्याकाळी लवकर ये. रोज पडते आता."