गालातली गोळी

"तोंड उघडा, श्यामलाल," सिस्टर ललिताबाई म्हणाल्या.

श्यामलालनं जबडा वासला, जीभही उचलून दाखवली. गोळी कुठंच नव्हती. ती डाव्या गालात, दाढेमागं दडून होती. पन्नास वर्षं त्याच जागी तंबाखू धरून त्यानं तलावात जाळी टाकली होती. तंबाखू जागची न हलता घोटभर पाणी प्यायची ही कला हर्नियाच्या ऑपरेशननंतर सरकारी दवाखान्यात कामी येईल, असं त्याला वाटलं नव्हतं.

बाई वळल्या, की गोळी खांद्यावरच्या दुपट्ट्याच्या गाठीत. सहा जमल्या होत्या. मंगळवारी त्याची बायको रेवताबाई शहापूरहून येणार होती. डोक्यावर मासळीची पाटी वाहून तिचे गुडघे पार गेले होते. पण तिला कोण गोळ्या देणार? तिचं पोट कुठं कोणी कापलं होतं!

साधा खोकला आला तरी टाके असे ओढत, की श्यामलालच्या डोळ्यांत पाणी यायचं. पण दुखतं म्हणायची सोय नव्हती. दुखतं म्हटलं, की गोळी बंद अन् सुई चालू. सुई गालात कशी लपवणार?

सोमवारी डॉक्टरसाहेब आले. "क्या बाबा, दुखते का?"

"नाई जी. बिलकुल नाई."

साहेब खूश झाले. "पाहा! सत्तर वर्षांचा माणूस! अन् तुम्ही लोक नुसते बोंबलता. सिस्टर, याची गोळी बंद. सगळ्यांचीच बंद करा. लाड आहेत नुसते."

साहेब गेले. वार्डात आणखी तीन म्हातारे होते. तिघंही श्यामलालकडं पाहत राहिले.

"तुले कोनं सांगतलं होतं रे मर्द बनाले?" आसगावचा गोमाजी ओरडला. त्याचा मुतखडा काढून तीनच दिवस झाले होते. दुपारपर्यंत त्याच्यात ओरडायचंही बळ उरलं नाही. टॉवेल तोंडात कोंबून तो भिंतीकडं वळला. पाठ तेवढी थरथरत होती.

श्यामलालनं छत पाहिलं. पंखा पाहिला. मग पुन्हा ती पाठ पाहिली, अन् गाठ सोडली.

"गोमाजी, हे घे. जराशी चाटलेली हाये."

"कोनाची?"

"माहीच."

"मंग चालते."

पलीकडच्या मारोतरावांनी मान उचलली. "मले काहून नाई? मी का तुया तलावातली मासळी खाल्ली नाई?" लक्ष्मणरावांनी तर हातच पुढं केला. तेव्हा एकेक, अन् दुसऱ्या दिवशी सकाळी एकेक. गाठ मोकळी झाली.

मंगळवारी साहेब आले, तर वार्ड चिडीचूप. "पाहिलं सिस्टर? गोळीवाचून अडलं कोणाचं? आता हाच नियम." ललिताबाईंनी चारही कागदांवर लिहिलं, 'वेदना नाहीत.'

दुपारी रेवताबाई आली. खाटेवर टेकून तिनं पदराचं टोक पुढं केलं.

"या बारी नाई," श्यामलाल म्हणाला.

"काहून जी? देल्या नाई?"

"बंद केल्या. मी बरा झालो म्हनते साहेब."

तिनं पदर मागं घेतला, खोचला. "जाऊ द्या. मले बी आता तेवढं नाई दुखत."

ती निघाली. श्यामलाल टाक्यांवर हात दाबून, खाटा धरत धरत खिडकीपाशी गेला. बाहेर चार पायऱ्या होत्या. दोन्ही हातांनी कठडा धरून रेवताबाई आडव्या अंगानं उतरत होती. एक पाय खाली टाकायचा, थांबायचं, मग दुसरा त्याच्याजवळ आणायचा. चौथ्या पायरीखाली तिनं श्वास घेतला अन् वळून वर पाहिलं.

श्यामलालनं पोटावरचा हात काढला अन् ताठ उभा राहिला.