उजव्या हाताची तीन बोटं

मी कॉलेजात ग्रंथपाल होतो, शिक्षक नव्हे. त्यामुळे बोरगावातल्या आमच्या शेजारच्या, भाजी पिकवून विकणाऱ्या चतुराबाई, नातीला घेऊन आल्या तेव्हा मी चाचरलोच.

"अन्नाजी, हिले फिजिक्स शिकवा. तुमी तं दिवसभर पुस्तकातच राह्यता."

नात अपेक्षा हुशार होती. चुंबकीय क्षेत्रातल्या कणाचं त्वरण ती झटक्यात काढायची: प्रभार, वेग आणि क्षेत्र यांचा गुणाकार, भागिले वस्तुमान. पण प्रोटॉनची दिशा दरवेळी उलटी. फ्लेमिंगच्या नियमानं दिशा काढायला डाव्या हाताची तीन बोटं लागतात आणि ही उजव्याची धरायची. पोरगी मूळची डावखुरी. गिऱ्हाइकाला भाजी देताना डावा हात पुढे आला की आजीची चापट बसायची, म्हणून डावा हात चारचौघांत मागेच राहायचा.

"डावा, बाई, डावा!" मी महिनाभर घोकून घेतलं.

वर्ध्याच्या विज्ञान स्पर्धेत ती आणि हिंगणघाटचा हेमराज बरोबरीत आले. शेवटचा प्रश्न जिंकेल तो पुढच्या फेरीसाठी नागपूरला जाणार होता. चतुराबाई पहिल्याच रांगेत, मी त्यांच्या बाजूला अंग चोरून.

"इलेक्ट्रॉन पूर्वेकडे चाललाय, वेग सेकंदाला वीस लाख मीटर. क्षेत्र सरळ वर, शून्य पूर्णांक शून्य एक टेस्ला. त्वरण किती आणि कुठल्या दिशेला?"

दोघांचंही उत्तर सारखंच आलं: साडेतीन गुणिले दहाचा पंधरावा घात. हेमराजनं डाव्या हाताची बोटं ताणली. "दक्षिण!"

अपेक्षानं आजीकडे पाहिलं आणि उजव्या हाताची तीन बोटं ताणली.

महिनाभराची मेहनत मातीत. शिकवणारा मीच कच्चा, दुसरं काय!

"उत्तर दिशा," ती म्हणाली.

परीक्षकांनी विचारलं, "उजवा हात काऊन?"

"सर, डावा हात धन प्रभारासाठी. इलेक्ट्रॉन ऋण आहे, त्याची दिशा उलटी. मंग सरळ उजवाच धरला."

मी डोळे मिटून मनात बोटं जुळवली. खरंच की! आणि हे मी तिला शिकवलंच नव्हतं.

"बरोबर! नागपूरला अपेक्षा जाणार!"

सभागृह टाळ्यांनी दणाणलं. मी, आयुष्यात कधी चारचौघांत न ओरडलेला माणूस, खुर्चीवरून उठून "शाब्बास!" म्हणून ओरडलो.

चतुराबाईंनी मला कोपर मारलं.

"पाह्यलं नं अन्नाजी? म्या लहानपनापासून सांगून राह्यली, उजवाच हात पुढं करजो. अन् तुमी तिले डावा शिकवत होते!"