न झुकणारी गाडी

ज्या बाईने निम्म्या गल्लीला स्कूटर शिकवली, तिला शनिवारी सकाळी स्कूटरच्या दुकानात नवऱ्याच्या दंडाला धरून यावं लागलं. घरातल्या दोन सुनांपैकी ती मोठी, म्हणून तिला सगळे थोरली म्हणत. धाकटी जाऊही बरोबर होती, पण ती गाडी बघायला आलेली नव्हती. तिला पुढच्या चौकात चपला शिवायला टाकायच्या होत्या आणि मोटारीत जागा होती, एवढंच.

पाठीच्या ऑपरेशननंतर थोरलीचा डावा पाय घोट्याखाली बधिर झाला होता. चालता येत होतं, पण पाऊल जमिनीला टेकलं की नाही हे तिला खाली बघूनच कळे. हे असंच राहणार, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. स्कूटर चालू असताना पायाचं काही काम नसतं. अडचण थांबण्याची होती. दोन चाकांची गाडी थांबली की पाय टेकावा लागतो, आणि थोरलीचा टेकायचा पाय डावा. उजवा टेकून बघ, असं नवऱ्याने सुचवलं होतं. तिने बघितलं. सावकाश थांबताना जमायचं, घाईत मात्र डावाच बाहेर यायचा. सवयीला कोण आवरणार?

थोरली दातांच्या लॅबमध्ये काम करायची. तिथे कवळ्या आणि एकेकटे दात तयार होत. नवा दात शेजारच्या दातांच्या रंगाशी जुळवणं हे तिचं काम. दात पांढरे असतात असं आपण म्हणतो, पण कोणाचा पिवळसर असतो, कोणाचा राखाडी, कोणाचा टोकाशी निळसर. ते ओळखायला उत्तरेच्या खिडकीतला सकाळचा प्रकाश लागतो. ऊन वर चढलं की समोरच्या पत्र्याचा पिवळा रंग खोलीत शिरतो आणि सगळे दात सारखेच दिसू लागतात. लॅबकडे जाणारी पहिली बस पोचायची तोवर ऊन चढलेलं असायचं. इतके दिवस नवरा मोटारीने सोडत होता. सोमवारपासून त्याची पाळी पहाटेची होणार होती, आणि तीही गावाच्या दुसऱ्या टोकाला.

लॅबच्या मालकीणबाईंनी आवाज न चढवता सांगितलं होतं, "सोमवारपासून सकाळी येता आलं तर खिडकी तुमची. नाहीतर तुम्ही पॅकिंग बघा, मी तिथे दुसरी बाई बसवते."

म्हणून हे दुकान.

दुकानदाराने तीन चाकांच्या दोन स्कूटर मागच्या आवारात काढून ठेवल्या होत्या. एकीला पुढे दोन चाकं, दुसरीला मागे दोन.

"ताई, फरक एवढाच," पहिलीवर हात ठेवून तो म्हणाला, "ही वळताना झुकते, ती झुकत नाही."

"न झुकणारी गाडी वळणार कशी?" थोरली हसली. "मी आजवर सगळ्यांना एकच गोष्ट शिकवलीय. हँडलशी खेळू नका, अंग झुकवा."

"मलाही तेच शिकवलंत," धाकटी मागून म्हणाली.

"तुला काय शिकवणार, कपाळ? तू खांबासारखी बसायचीस."

"आणि शेवटी सगळ्यांदेखत जाहीर केलंत, हिला जन्मात गाडी येणार नाही म्हणून."

"मग आली का?"

"नाही ना! बसने जाते सुखाने. पाय पण टेकावा लागत नाही."

थोरलीचा नवरा हसला आणि लगेच गाडीकडे वळला.

थोरली झुकणाऱ्या गाडीवर बसली. आवाराला तिन्ही बाजूंनी भिंत होती, एका कोपऱ्यात जुन्या टायरांचा ढीग आणि मध्ये पाण्याची टाकी. तिने टाकीभोवती एक फेरी मारली, मग उलटी फेरी, मग इंग्रजी आठच्या आकड्यासारखं वळण. गाडी तिच्या अंगाबरोबर डावीउजवीकडे कलत होती. ऑपरेशनपासून घरात कोणी तिचा असा चेहरा पाहिला नव्हता. दुकानातला हिशेबनीससुद्धा दारात येऊन उभा राहिला.

"झालं काम," नवरा म्हणाला. "हीच बांधून द्या."

थोरली त्यांच्याकडे आली आणि तिने ऐटीत ब्रेक दाबला.

"बटण!" दुकानदार ओरडला. "ताई, बटण दाबा!"

गाडीचं कलणं बंद करायला अंगठ्यापाशी एक बटण होतं. थांबण्याआधी ते दाबायचं, म्हणजे गाडी सरळ उभी राहते. हे त्याने आधी सांगितलं होतं आणि थोरलीने मान हलवली होती. पण आता अंगठ्याच्या आधी डावा पाय निघाला. जमीन कुठे आहे हे त्या पायाला कळलंच नाही. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत थोरली गाडीसकट आडवी झाली.

कोणी धावलंच नाही. खरं तर सगळ्यांनी धावायला हवं होतं, पण थोरली पडू शकते ही गोष्टच डोक्यात शिरायला वेळ लागला. आधी धाकटी भानावर आली.

"ताई, लागलं का?"

"कोपर खरचटलंय." थोरली जमिनीवर बसूनच गाडीकडे बघत होती. "मी गाडीवरून पडले?"

"होते हो सवय बटणाची," दुकानदार गाडी उचलत म्हणाला. "आठ-पंधरा दिवसांत आपोआप अंगठा जातो."

"आणि कोणी अचानक आडवं आलं तर? आधी ब्रेक दाबायचा की बटण?"

दुकानदार प्रामाणिक होता. तो म्हणाला, "दोन्ही."

"म्हणजे पडायचं," थोरली म्हणाली.

"चला घरी," नवरा म्हणाला. "नसती उठाठेव. मी काहीतरी बघतो."

"सोमवारी काय बघणार?" तिने विचारलं.

मग ती दुसऱ्या गाडीवर बसली, जरा नाक मुरडूनच. खुर्चीवर बसल्यासारखं वाटत होतं. ढकललं तरी गाडी हलत नव्हती. सरळ रेषेत ती नीट गेली. टाकीपाशी डावीकडे वळायचं होतं. थोरलीने नेहमीसारखं अंग अलगद डावीकडे टाकलं, आणि गाडी उजवीकडे निघाली. तिने आणखी जोर लावला. गाडी आणखी उजवीकडे गेली आणि धाडकन भिंतीवर आदळली.

"अगं, वळवायची ना!" नवरा ओरडला.

"वळवली की! डावीकडे वळवली!"

"उजवीकडे गेलीस तू."

"मी डावीकडे वळवली!" तिचा आवाज चिरकला. पुढच्या मडगार्डला तडा गेला होता. "हिच्यात बिघाड आहे. हँडल उलटं बसवलंय कोणीतरी."

दुकानदाराने स्वतः एक चक्कर मारून दाखवली. हँडल सुलटंच होतं. थोरली पुन्हा बसली, पुन्हा टाकीपर्यंत गेली, आणि या वेळी टायरांच्या ढिगात शिरली. एक टायर गडगडत येऊन नवऱ्याच्या पायाशी पडला. थोरलीचा चेहरा पांढराफटक झाला होता. आपण डाव्या हाताने घास उचलावा आणि तो उजव्या कानात जावा, तसं तिचं झालं होतं.

झालं होतं ते असं. दोन चाकांवर वेगात असताना डावीकडे वळायचं असेल, तर आपण नकळत डाव्या हाताने हँडल किंचित पुढे ढकलतो. पुढचं चाक क्षणभर उजवीकडे जातं, त्यामुळे गाडी डावीकडे कलते, आणि कलली की वळते. हे कोणी कोणाला सांगत नाही. अंगच शिकतं आणि डोक्याला पत्ता लागू देत नाही. विश्वास बसत नसेल तर मोकळ्या मैदानात सायकलवर जपून करून पाहावं. पण मागे दोन चाकं घट्ट बसवलेली गाडी कलतच नाही. तिचं हँडल उजवीकडे ढकललं की ती मुकाट्याने उजवीकडे जाते. जितका चांगला स्कूटर चालवणारा, तितका तो इथे हमखास भिंतीवर. थोरलीपेक्षा चांगलं कोणी चालवत नव्हतं.

नवरा आणि दुकानदार टायर बाजूला करू लागले. गाडी मोकळी झाली तेव्हा धाकटी म्हणाली, "मी आणू का ती इकडे?"

"तू?" तिघंही एकदम म्हणाले.

"चालण्याच्या वेगानेच आणते. ढकलण्यापेक्षा बरं."

थोरलीची पर्स खांद्याला तशीच अडकवून ती बसली. पाठ ताठ, कोपरं आखडलेली, हँडल दोन्ही मुठींत घट्ट, अगदी पूर्वी बसायची तशी. गाडी निघाली. टाकीपाशी धाकटीने हँडल डावीकडे फिरवलं आणि गाडी डावीकडे वळली. मग उजवीकडे वळली. मग टाकीला पूर्ण वळसा घालून परत आली आणि पुन्हा वळसा घ्यायला लागली.

"अहो, ही वळते!" धाकटी किंचाळली. तिचे डोळे सगळ्यांत मोठे झाले होते. "भाऊजी, मी गाडी चालवतेय! थांबू कशी?"

"ब्रेक!"

"पाय टेकू का?"

"नको!" दोन्ही पुरुष ओरडले.

गाडी थांबली आणि तशीच उभी राहिली. थोरली जावेकडे अशी बघत होती, जणू घरातलं कपाट उठून चालायला लागलं होतं.

"तू काय केलंस?" तिने शेवटी विचारलं.

"काही नाही. जिकडे जायचं तिकडे हँडल वळवलं."

"आणि अंग?"

"अंगाचं मला कुठे काय कळतं, ताई."

थोरली लंगडत भिंतीपाशी गेली, पोपडा उडाला होता तिथे हात लावून आली, आणि दुकानदाराला म्हणाली, "ही घेते."

"कोणती?" नवऱ्याने विचारलं. "भिंतीवर गेली ती?"

"भिंतीवर जाऊनही उभी राहिली ती."

रविवारी बंद गोदामामागच्या मैदानात, जिथे थोरलीने सगळ्यांना शिकवलं होतं, तिथे धाकटी तिच्या मागे बसली. दोन्ही हातांनी तिने थोरलीचे खांदे दाबून धरले होते.

"झुकलात."

"कुठे झुकले?"

"आत्ता. डावा खांदा गेला."

"तुझ्या वजनाने गेला असेल."

"हात सैल सोडा बरं. आणि ताई, खांब व्हा."

"जास्त बोलू नकोस."

"तुम्ही मला रडवलं होतंत इथे. मी फक्त खांब म्हणतेय."

थोरलीने हात सैल सोडले. पुढच्या वळणाला गाडी तिच्या मनाविरुद्ध सुटली, तसा तिने डोळे मिटून ब्रेक दाबला. मैदान रिकामं होतं, समोर काही नव्हतं, तरी तिने ब्रेक सोडला नाही. वळणाची भीती कशी असते हे तिला माहीतच नव्हतं. दुपारपर्यंत ती सावकाश दोन्हीकडे वळायला लागली, पण प्रत्येक वळणावर अंग एक सांगायचं आणि गाडी दुसरंच मागायची.

सोमवारी नवरा पहाटेच निघून गेला होता. धाकटी दारात चप्पल घालून तयार होती.

"बसू का मागे?"

"नको. उद्यापासून कोण बसणार आहे?"

पहिली वळणं तिने हँडल हळूहळू फिरवत घेतली. मागच्या गाड्या हॉर्न वाजवत होत्या, वाजवू देत. पोस्टाजवळ रस्ता डावीकडे वाकतो. तिथे समोरून टेम्पो आलेला पाहून ती घाबरली, आणि घाबरली तशी अंग झुकवून मोकळी झाली. गाडी सरळ टेम्पोच्या दिशेने सरकू लागली.

"बाई, झोपलात काय!" टेम्पोवाला ब्रेक दाबून ओरडला.

थोरलीने दोन्ही हातांनी हँडल डावीकडे ओढलं. गाडी आली. टेम्पो कोपरापासून वीतभर अंतरावरून गेला. घामाने तिची बोटं हँडलवरून घसरत होती. परत फिरावं, असं तिला खरोखर वाटलं. पण परत फिरायलाही वळावंच लागणार होतं.

लॅबच्या फाटकाशी ती पोचली आणि त्याच क्षणी आतून औषधांची व्हॅन मागे मागे येत बाहेर आली. थोरलीने दोन्ही ब्रेक आवळले. डावा पाय बाहेर निघाला आणि हवेतच लोंबकळत राहिला. तिने मान खांद्यात ओढली, दात घट्ट आवळले, कोपर पोटाशी घेतलं आणि पडायची वाट बघितली.

व्हॅन थांबली. ड्रायव्हर उतरून धावत आला.

"मावशी, लागलं का?"

"नाही."

"मग अशा का बसलात?"

"मी पडले नाही," थोरली म्हणाली.

"हो, दिसतंय ते. पण झालं काय?"

"अहो, तेच सांगतेय. मी पडले नाही." तिने पाय हळूच आत घेतला, खाली बघून, फळीवर नीट ठेवला.

मालकीणबाई आतल्या दारात हाताची घडी घालून उभ्या होत्या. त्यांनी गाडीकडे पाहिलं, तडा गेलेल्या मडगार्डकडे पाहिलं, आणि थोरलीला वाट करून दिली. खिडकीजवळच्या खुर्चीत, दाताचा रंग जुळवून घ्यायला आलेली एक पेशंट केव्हाची बसली होती. तिला ऑफिस गाठायचं होतं. पत्र्यावर अजून ऊन आलेलं नव्हतं. थोरलीने हात धुतले, नमुन्याच्या दातांची पट्टी उचलली आणि तिच्या ओठांशी नेली. पट्टीतले दात एकमेकांवर बारीक वाजत होते.

"तुमचा हात थरथरतोय," पेशंट म्हणाली.

"थांबेल," थोरली म्हणाली. "तोंड उघडा."