मी चेक, आणि रंगूबाईच्या जुड्या

मित्रांनो, मी एक जुना शब्द आहे. माझं नाव 'चेक'. तुम्ही मला इंग्रज समजता, पण माझं मूळ इराणातलं. तिथे राजाला 'शाह' म्हणत. बुद्धिबळाच्या पटावर राजा कोंडीत सापडला की खेळणारा 'शाह!' म्हणून ओरडायचा. तो मी. अरबांच्या, मग फ्रेंचांच्या तोंडात घोळून माझं रूप पार बदललं आणि इंग्लंडात पोचेपर्यंत मी 'चेक' झालो. तुमच्या मराठीतला 'शह' माझा सख्खा भाऊ. तो जवळच्या वाटेने आला, मी जगाला वळसा घालून आलो.

आधी मी फक्त राजाला अडवायचो, पुढे कुणालाही अडवू लागलो. अडवायचं आणि तपासायचं, हाच माझा धंदा झाला. पटावरच्या घरांमुळे चौकडीच्या कापडाला माझं नाव पडलं. बँकेतल्या कागदाला मी चिकटलो तोही लबाडी पकडण्यासाठीच. नाशिकला आलो तर इथे एसटीत चेकर, नाक्यावर चेकपोस्ट! एवढा हिंडलो, पण मला कुणी प्रेमाने हाक मारल्याचं आठवत नाही. त्यामुळे माझा स्वभावही संशयी झाला. कुणी गोड हसलं की मला आधी त्याच्या पिशवीत डोकवावंसं वाटतं.

पण एका बाईपुढे माझं काही चालत नसे. ती एकलहऱ्याजवळच्या मळ्यातली रंगूबाई. ती कोथिंबीर पिकवायची आणि जुड्या बांधून नाशिकच्या बाजारात आणायची. बाजारात व्यापारी जुडी फोडून बघतात, कारण बाहेरून हिरवीगार आणि आत पिवळा पाला, हा प्रकार नेहमीचा. देवराम व्यापारी मात्र रंगूबाईचा माल न फोडता उचलायचा. मी आपला गप्प बसायचो.

१९९८ साली तिच्या मुलाचं, सोमनाथचं लग्न झालं. सून सुवर्णा घोटीची, भाताच्या पट्ट्यातली. संध्याकाळी जुड्या बांधायचं काम तिच्याकडे आलं आणि रंगूबाईच्या मनात पाल चुकचुकली.

"भातवाल्यांची पोर. आत काय कोंबत असंल, कोणाला ठावं," ती पुटपुटायची. पहाटे सून चुलीपाशी असताना ती जुड्यांवरचं ओलं गोणपाट बाजूला करायची. "जरा चेक करते," म्हणत दोन-चार जुड्या सोडायची आणि पुन्हा बांधायची. आत एक पिवळं पान सापडत नसे. एखाद्याचं समाधान झालं असतं. हिचा संशय वाढला. "आज नाय घावलं, म्हंजे उद्या घावंल!"

खरं सांगतो, मला त्या घरात फार बरं वाटत होतं. शेवटी मला काम मिळालं होतं.

एका पहाटे तिने सगळ्याच जुड्या सोडल्या आणि घाईघाईने पुन्हा बांधल्या. त्या दिवशी सोमनाथला ताप होता, म्हणून सुवर्णा सासूबरोबर बाजारात आली. देवरामने जुडी उचलली. पाला चुरगळलेला, सुतळी सैल. सोडून पुन्हा बांधलेली जुडी म्हणजे आत काहीतरी भरलंय, हे बाजारात शेंबडं पोरही जाणतं. रंगूबाईला ते ठाऊक नव्हतं का? होतं. संशयापायी तिचं भान सुटलं होतं.

"मावशी, आज चेक करावं लागंल," देवराम म्हणाला.

आजूबाजूची माणसं वळून बघू लागली. कुणीतरी म्हणालं, "आता नवी सून बांधती ना?" सगळे डोळे सुवर्णाकडे गेले. रंगूबाई नुसती गप्प राहिली असती, तरी तिचं नाव वाचलं असतं आणि पोरीचं कायमचं गेलं असतं.

"बांधल्या मीच," सुवर्णा म्हणाली. "पण अशा सैल नाय बांधल्या." आणि तिने सासूकडे पाहिलं. पोरीला सगळं कळलं होतं.

रंगूबाईने पदर तोंडाला लावला. "मी सोडल्या रे, देवरामभाऊ. पोरीचं काम बघाया."

देवरामने जुडी फोडली. आत हिरवी, ताजी कोथिंबीर. त्याने ती खाली ठेवली आणि म्हणाला, "मावशी, घरच्या माणसावर तुमचा इस्वास नाय. मंग मी कशावर ठेवू?"

तेव्हापासून तो रोज एक जुडी फोडतो. मला मोठं यश मिळालं म्हणायचं. पण मित्रांनो, मला त्या यशाची लाज वाटली. पटावर मला मोठ्याने, राजाच्या तोंडावर उच्चारतात, म्हणजे त्याला सावध होता येतं. रंगूबाईने मला सुनेच्या पाठीमागे वापरलं. गॅसची नळी बघा, औषधावरची तारीख बघा, तिथे मला खुशाल राबवा. माणसाबद्दल शंका आली तर त्यालाच विचारा. माझं एवढं ऐका.

आता २००६ उजाडलं. सुवर्णा अजूनही संध्याकाळी कोथिंबीर घेऊन बसते. सुतळी बांधण्याआधी प्रत्येक जुडी उघडून सासूपुढे धरते आणि म्हणते, "बघून घ्या, आत्याबाई."

"नको गं, बांध," रंगूबाई काकुळतीने म्हणते.

सुवर्णा बांधत नाही. म्हातारीने पाहीपर्यंत हात तसाच पुढे धरून ठेवते.