चार नंबरचं भरलेलं गोदाम

आमची कंपनी पनवेलच्या बाहेर जमिनी घेते, त्यांवर गोदामं बांधते, ती भाड्याने देते आणि सगळी भरली की अख्खा पार्क एखाद्या मोठ्या गुंतवणूकदाराला विकून टाकते. पार्क भरलेला हवा, ही एकच अट. एक जरी गोदाम रिकामं असलं तरी घेणारा नाक मुरडतो.

मी या पार्कच्या ऑफिसात अ‍ॅडमिन बघते. अकरा वर्षं झाली. खांदा कॉलनीतून रोज येते. लोकांचे गेटपास, हजेरी, रजा सगळं माझ्या टेबलावरून जातं. शशिकला मॅडम तोंडाने फटकळ आहेत, असं सगळे म्हणतात. असेन. पण फटकळपणा चहा गार आला तेव्हाच सुचतो. जिथे बोलायला हवं होतं तिथे माझी दातखीळ बसली.

नियाजभाई आमच्याकडे गोदाम सुपरवायझर म्हणून लागले तेव्हा सोळा वर्षं दुबईच्या गोदामांत काढून आलेले होते. अम्मींना पक्षाघात झाला म्हणून सगळं सोडून पनवेलला परतले. मुलगी जिक्रा अकरावीत. ती लहानाची मोठी झाली ती यांनी फोनच्या पडद्यावरच पाहिली. आल्यापासून रोज सकाळी तिला कॉलेजपर्यंत सोडून मगच कामावर यायचे. तिला ते मुळीच आवडत नाही, हेही हसत हसत सांगायचे.

"ताई, आता काही झालं तरी परत जायचं नाही," ते म्हणायचे. "बस, एकदा परमनंट झालो की फिकर मिटली."

परमनंट करायचा शब्द केतनने दिला होता. केतन म्हणजे आमचा पार्क हेड, वय चौतीस, जिभेवर साखर. पार्क विकला गेला की नव्या मालकाकडे जाणाऱ्या कायम माणसांच्या यादीत नियाजभाईंचं नाव घालतो, असं त्याने माझ्यासमोर सांगितलं होतं.

अडचण चार नंबरच्या गोदामाची होती. ते वर्षभर रिकामं. भाडेकरू मिळेना आणि घेणाऱ्यांची माणसं तर पाहणीला येणार. केतनने एका मित्राच्या फर्मच्या नावाने मागच्या तारखेचा भाडेकरार करून घेतला. कागदावर गोदाम भरलं. आता डोळ्यांना भरलेलं दिसायला हवं होतं, आणि ते करू शकणारा माणूस आमच्याकडे एकच होता.

नियाजभाई आधी नाहीच म्हणाले. "हे फरेब आहे, ताई." मीच त्यांची समजूत काढली. एका दिवसाचा प्रश्न आहे, कोणाचं काही लुटत नाही आपण, आणि तुमची नोकरीही याच विक्रीवर अवलंबून आहे. तसं पाहिलं तर माझीही होतीच.

एकदा हो म्हटल्यावर मात्र त्या माणसाने जीव ओतला. भंगारवाल्याकडून रिकामी खोकी आणली आणि खालच्या थरातल्या खोक्यांत रेती भरून घेतली, कारण वर माल असेल तर खालची खोकी थोडी फुगतात. जमिनीवर चिकटपट्टीचे तुकडे टाकले. मालाखालची दोन लाकडी पॅलेट मुद्दाम वाकडी ठेवली. बाहेर माल चढवायच्या-उतरवायच्या डॉकवर एका हमालाला नेमलं, की पाहुणे आले की चलनावरून ड्रायव्हरशी भांडायचं. "फार नीटनेटकं गोदाम म्हणजे खोटं गोदाम," ते मला म्हणाले, आणि त्यांच्या डोळ्यांत खरंखुरं समाधान होतं. सोंग असलं तरी काम ते काम, अशी त्या माणसाची जात.

पाहणीला चौघं आले. त्यांच्यात अथर्व नावाचा एक सल्लागार होता, चष्मा कपाळावर आणि हातात वही. ऐन वेळी केतनने भाडेकरूच्या नावाचं निळं जॅकेट नियाजभाईंच्या अंगावर चढवलं आणि त्यांना पुढे ढकललं, "हे इथले मॅनेजर." नियाजभाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. मग ते माल कसा येतो, कसा जातो, पावसाळ्यात डॉकवर पाणी येऊ नये म्हणून काय करतात, हे सगळं असं सांगत गेले की क्षणभर मलाच वाटलं, भरलंय गोदाम. पाहुण्यांनी त्यांचा फोटो काढला.

पार्क विकला गेला. पेढे वाटले गेले. केतनला पुण्याचा नवा प्रकल्प मिळाला आणि तो पुढच्याच सोमवारी निघून गेला. कामापुरता मामा, यादीची गोष्ट काढली तर म्हणाला, "मॅडम, यादी तर तुम्हीच करणार ना!"

केलीही मी. चौदा नावं, त्यात माझंही. नियाजभाईंचं अकरावं.

नव्या मालकांकडून रेवा नावाची एक तरतरीत मुलगी यादी तपासायला आली. लॅपटॉप उघडून एकेक नाव जुळवत गेली. अकराव्या नावाशी थांबली.

"मॅडम, हे तर भाडेकरूंचे मॅनेजर आहेत. आमच्या रिपोर्टमध्ये फोटो आहे यांचा." तिने पडदा माझ्याकडे वळवला. निळं जॅकेट, मागे खोकी. "मग हे आपल्या यादीत कसे?"

प्रश्न सरळ होता. तिच्या आवाजात संशयसुद्धा नव्हता. नियाजभाई आपलाच माणूस, असं म्हटलं की पुढचा प्रश्न येणार, मग ते भाडेकरूच्या जॅकेटमध्ये काय करत होते? आणि त्या प्रश्नाचं उत्तर चार नंबरच्या गोदामात रेती भरून बसलं होतं. खोक्यांच्या टेम्पोच्या गेटपासवर सही माझी होती. माझ्या निवृत्तीला तीन वर्षं राहिलेली.

"चुकून आलं असेल," मी म्हटलं.

पेन तिच्या हातात होतं. ते तिने माझ्यापुढे केलं आणि नाव मी माझ्या हाताने खोडलं.

दुसऱ्या दिवशी नियाजभाई टेबलासमोर उभे राहिले. गेटवर त्यांचा पास चालला नव्हता. मी त्यांना बसायलाही सांगितलं नाही. म्हटलं, वरूनच कापलं नाव. मी खूप सांगून पाहिलं, भांडले, पण माझं कोण ऐकतंय?

त्यांनी बंद पडलेला पास टेबलावर ठेवला. मग म्हणाले, "ताई, निदान इथे काम केल्याचं पत्र?"

पत्र कसलं देणार? मी 'चुकून' म्हटल्यापासून कागदोपत्री ते आमच्याकडे नव्हतेच, आणि जिथे होते ती फर्म नावापुरती. मी बघते म्हटलं. त्यांनी माझे आभार मानले. ते दारातून बाहेर पडले तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं. लाज नंतर वाटली, आधी सुटकाच वाटली. खोटं कशाला बोलू?

दोन महिन्यांनी नवे पार्क हेड आले, इंद्रजीत सर. पन्नाशीचे, मोजकं बोलणारे. पहिल्याच आठवड्यात मला म्हणाले, "मॅडम, चार नंबरमधली ती रेतीची खोकी काढून घ्या. खरा भाडेकरू येतोय."

मी विचारलं, "तुम्हाला माहीत होतं?"

"अथर्वने त्याच दिवशी सांगितलं. वर्षभराचं वीजबिल मागवलं होतं त्याने. चालू गोदामात निदान दिवे तरी लागतात." ते हसले. "आम्ही तेवढा भाव पाडून घेतला. तुमच्या जुन्या मालकांनी निमूट मान्य केलं. विषय संपला."

"मग रेवा…"

"रेवाला जेवढे कागद दिले तेवढेच ती बघणार." मग त्यांना काहीतरी आठवलं. "पण तो निळ्या जॅकेटवाला माणूस कोण होता? अथर्व म्हणत होता, गोदाम खोटं, पण माणूस अस्सल आहे. आता मला तसाच माणूस हवाय."

"आपलाच होता," मी म्हटलं. दोन महिने उशिरा तेच दोन शब्द इतके सहज तोंडातून निघाले की मला माझाच राग आला.

"मग यादीत का नाही? तुम्ही सांगायचंत ना. आम्ही कशाला सोडलं असतं?" ते फाइलकडे वळले. "बोलवून घ्या त्यांना."

मी बाहेर व्हरांड्यात येऊन फोन लावला. फोन त्यांच्या बायकोने, सायराने उचलला. मी नाव सांगताच तिचा आवाज मऊ झाला.

"ते शुक्रवारी गेले, ताई. दुबईला. जुन्या शेठने बोलावलं. दोन वर्षांचा करार आहे." मागून अम्मींचं काहीतरी अस्पष्ट पुटपुटणं ऐकू येत होतं. "जाताना तुमची याद काढली त्यांनी. म्हणाले, सगळ्या ऑफिसात एक ताईच माझ्यासाठी भांडल्या. मी रोज दुआ करते तुमच्यासाठी. तुम्ही खूप केलंत, ताई."

मी तोंड उघडलं. या वेळी विचारायला रेवा नव्हती, नोकरीला धोका नव्हता, गेटपास कोणी बघणार नव्हतं.

"हो," मी म्हटलं, "केलं खरं खूप. पण काय करणार, कोणी ऐकलंच नाही माझं."